चाकावरचं बोट

रेडिओवाल्या काकांच्या दुकानात गेल्या चार महिन्यांत एकाही ट्यूनरची काटा सरकवणारी दोरी बदलून मिळाली नव्हती. गिऱ्हाईक आलं की काका सांगायचे, दोरी संपलीय, हल्ली कुठं मिळत नाही. धादांत खोटं! खणात अख्खं रीळ पडलेलं. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? राग मुळात नाकावरच, त्यात बायको गेल्यापासून तर बोलायची सोय उरली नव्हती.

त्या सकाळी मात्र मेहुणीच दारात उभी राहिली. बायकोची धाकटी बहीण. तिच्या काखेत तो जुना ट्यूनर होता, तिनं घर मांडलं तेव्हा या दोघांनीच दिलेला. बटण फिरवलं तरी काटा जागचा हलत नव्हता. काकांनी तोंड उघडायच्या आत तिनं खण ओढला, रीळ काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. शेवटी बहीण कुणाची!

काकांनी गुपचूप झाकण खोललं, तुटलेली दोरी काढून टाकली. हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. बटणाच्या दांड्याला तीन वेढे, दोन्ही टोकांच्या पुलींवरून दोरी फिरवायची, मागच्या मोठ्या चाकावर घ्यायची आणि चाकाच्या पोटातल्या स्प्रिंगला शेवटची गाठ. सगळी मेख त्या गाठीत. तिला दोन्ही हात लागतात, आणि तेवढ्यात चाकावरची दोरी सैल पडली की सगळे वेढे सुटतात, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून चाकावर दुसऱ्या कुणाचं तरी बोट हवं.

एकतीस वर्षं ते बोट बायकोचं होतं. दुकानामागेच घर. काकांनी हाक मारायची, "बोट ठेव गं," आणि तिनं हातातलं काम टाकून यायचं, स्टुलावर बसायचं, चाकावर बोट दाबून धरायचं. बसल्या बसल्या ती नळाचं, शेजारणीचं, पोटदुखीचं काय काय सांगायची. काका तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकायचे. फार तर म्हणायचे, हलू नकोस. एकदा असंच तिचं दूध उतू गेलं. तेव्हा ती कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा लाकडी चिमटा घेऊन आली. म्हणाली, माझ्या बोटाऐवजी हा लावा की. काका खेकसले, त्यानं चाकाला ओरखडे पडतात. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आता मेहुणी त्याच स्टुलावर बसून बघत होती. पहिल्यांदा वेढे सुटले. दुसऱ्यांदाही सुटले. तिसऱ्यांदा दोरी स्प्रिंगपाशी आली आणि मान वर न करताच काका म्हणाले, "बोट ठेव गं."

मेहुणीनं हळूच बोट पुढं केलं. काकांनी चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. दोरी सुटून गेली.

"तुझं नको," ते म्हणाले.

तिला राग आला नाही. तिनं पर्स उघडली आणि एक लाकडी चिमटा काढून टेबलावर ठेवला. ताईनं दवाखान्यात दिला होता, शेवटच्या आठवड्यात. चार महिने पर्समध्ये घेऊन हिंडतेय, द्यायचा धीर झाला नाही, असं ती म्हणाली. ताईला एकच घोर लागला होता, माझ्यामागं ह्यांचं दोरीचं काम अडेल. चिमटा त्यांना आवडत नाही, पण आता इलाज नाही. चाकाला ओरखडा पडू नये म्हणून तिनं पडल्या पडल्या त्याला आतून कापड शिवलं होतं.

काकांनी चिमटा उघडून पाहिला. मऊ सुती कापडाची पट्टी होती. टाके वाकडेतिकडे पडले होते, तिचा हात तेव्हा फार थरथरायचा.

"चिमट्यानं ओरखडा पडत नाही," ते म्हणाले. "उमेदवारीत हे काम शिकलो ते चिमटे लावूनच."

"मग ताईला तसं का सांगितलंत?"

काकांनी कापडावरून अंगठा फिरवला.

"ती येऊन बसायची म्हणून."

मेहुणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हे तिला सांगायचं होतंत, भाऊजी. ती म्हणायची, त्यांना बायको नकोच होती, नुसतं बोट हवं होतं. हसून म्हणायची, पण म्हणायची."

काकांना वाटलं, आत्ता उठावं, मागच्या घरात जावं आणि तिला सांगावं. वरातीमागून घोडं. त्यांनी नाक पुसलं, चष्मा नीट केला, वेढे पुन्हा घेतले आणि चाकावर चिमटा लावला. तो इकडचा तिकडे झाला नाही. त्यांनी गाठ मारली, बटण फिरवलं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला.

सगळं मिळून दोन मिनिटं लागली. तिचं बोट चाकावर असताना हीच गाठ मारायला त्यांना अर्धा तास लागायचा.