घरजावई पाना

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जे मोटार दुरुस्तीचा विषय घ्यायचे, त्यांची पहिल्याच आठवड्यात निराशा व्हायची. मुलं यायची इंजिन उघडायच्या तयारीनं आणि हातात पडायचा झाडू. झाडूनंतर चिंध्या, चिंध्यांनंतर रॉकेलच्या थाळीत भिजत पडलेले गंजके नट. सर आधीच सांगून टाकायचे, की कुणाला शर्यतीची गाडी बनवायची असेल तर शेजारी चित्रकलेचा वर्ग आहे, तिथे ती लवकर होईल. इथे अर्धा वेळ साफसफाईत जाईल, उरलेल्यातला अर्धा हरवलेली वस्तू शोधण्यात, आणि त्यातून काही शिल्लक राहिलं तर गाडी.

सर पूर्वी बस डेपोत होते. शाळेत येऊन बरीच वर्षं झाली तरी नखांभोवतीची काळी रेघ गेली नव्हती. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, कारण गरज पडत नसे. त्यांचं काम भिंतीवरचा फळा करायचा.

हा फळा लिहायचा नव्हे, औजारं टांगायचा. पांढऱ्या रंगाचा, आणि प्रत्येक औजाराच्या जागी त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. तास संपला की प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड आपापल्या सावलीवर गेली पाहिजे. एक जरी सावली उघडी राहिली तरी दाराची कडी निघत नसे. मग कुणाची बस चुकते की कुणाची शिकवणी, सरांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते स्टुलावर बसून शांतपणे चहा प्यायचे.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणत. चण लहान, आणि दोन्ही हातांत सदा काहीतरी उचललेलं. विज्ञानात तिला इतके गुण होते की मोटार दुरुस्ती घेतल्यावर घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. वडील दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे. एवढी हुशार पोर आणि शेवटी हात काळे करणार, हे त्यांच्या पचनी पडेना. तुम्ही लोकांचं रक्त काढता, मी तेल काढते, असं तिनं ऐकवलं तेव्हा आईला हसू आवरलं नाही आणि वडिलांना हसायचं की रागवायचं ते कळलं नाही.

मुंगीला मात्र काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी सरांच्या शब्दावर डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकाला शिकाऊ म्हणून घ्यायचे. डेपो तिनं एकदाच पाहिला होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उभं राहून माणसं वर बघत होती आणि डोक्यावर अख्खी बस पोट उघडं टाकून उभी होती. यंदा सरांनी हात पुसता पुसता, जणू चहात साखर कमी आहे म्हणावं तसं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की नाव मुंगीचं जाईल.

आता दहाच्या पान्याविषयी सांगायला हवं. गाडीतले निम्मे बारीकसारीक बोल्ट दहा मिलिमीटर मापाचे असतात. त्यामुळे दहाचा पाना सगळ्यांच्या हातात असतो आणि म्हणूनच कुणाच्याच हातात सापडत नाही. एकदा सगळा वर्ग त्या एका पान्यासाठी अंधार पडेपर्यंत अडकला होता, आणि शेवटी तो लंबूच्या मागच्या खिशात निघाला. लंबू मुंगीचा जोडीदार. ती बॉनेटखाली शिरायची आणि तो बॉनेट धरायचा. त्या दिवशी वर्गानं लंबूला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यावर तोड मुंगीनंच काढली. मामांच्या जुन्या पेटीत अगदी तसाच एक पाना होता. तिनं तो पॉलिश कागदानं घासून वापरलेला दिसेल असा केला, ग्रीस चोपडलं आणि बाकाखाली खिळ्याला अडकवून ठेवला. दहाचा हरवला की हा फळ्यावर चढायचा, कडी निघायची आणि खरा दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी बाकाखाली मिळायचा. दुसऱ्याच्या जागी आयता येऊन बसलेला म्हणून वर्गानं त्याचं नाव ठेवलं घरजावई. सरांना पत्ता नव्हता. वर्ग मुंगीवर खूश होता आणि खरं सांगायचं तर मुंगीही स्वतःवर खूश होती.

एके दिवशी शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंची जुनी गाडी आली. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार चढला होता. काम साधं. वायरी सोडायच्या, खार घासून काढायचा, वायरी परत आवळायच्या, बॅटरीवरची लोखंडी पट्टी बसवायची. मुंगीनं ते सगळं नीट केलं. शेवटचा बोल्ट आवळला तोच सरांनी पलीकडच्या गाडीखालून दिवा धरायला हाक मारली. ती गेली. लंबूनं बॉनेट पाडलं. घंटा झाली. दहाची सावली उघडी होती. पोरांनी कण्हल्यासारखा आवाज काढला, मुंगीनं पाठमोरं होऊन घरजावई चढवला, सरांनी फळ्यावरून नजर फिरवली आणि कडी काढली.

बाई गाडी घेऊन गेल्या. नातवाला पाळणाघरातून आणायचं होतं, म्हणून घाईत होत्या.

हात धुताना मुंगीची बोटं साबणाच्या पावडरीत मध्येच थांबली. तिला एक सवय होती, केलेलं काम मनात उलट्या क्रमानं परत करून बघायची. दिव्यापासून ती मागे गेली. हाक. बोल्ट. हातात पाना. पुढचं चित्र येईना. पाना कुठे ठेवला ते आठवत नव्हतं, आणि आपण जे ठेवतो ते आपल्याला आठवतं, एवढं ती स्वतःला ओळखून होती. म्हणजे तो तिनं ठेवला नव्हता, तिथेच सोडला होता. बॅटरीवर. त्या बॅटरीच्या धन टोकावरचं लाल टोपण कधीच तुटून गेलेलं, आणि लोखंडी पट्टी तिथून वीतभरही लांब नव्हती. पाना घसरून दोन्हींना टेकला तर काय होतं ते पुस्तकात होतं, आणि सरांनी एकदा जुन्या बॅटरीवर करूनही दाखवलं होतं. ती ठिणगी पाहून पुढच्या रांगेतली दोघं मागच्या रांगेत जाऊन बसली होती.

लंबूनं ऐकून घेतलं आणि मग समजूत काढली. पाना खाली पडला असेल, बाकाखाली असेल, नेहमी तिथेच तर मिळतो. अगदी गाडीत असलाच तर सकाळी बाई आल्या की गुपचूप बॉनेट उघडून काढू, कुणाला कळायचंही नाही.

"आणि सांगितलंस तर डेपो विसर," तो म्हणाला. "सर घरजावयाला सोडतील, तुला नाही सोडणार."

मुंगीनं हिशेब मांडून पाहिला. पाना गाडीत असण्याची शक्यता निम्मी धरली, तो घसरण्याची त्याहून कमी, नेमका आडवा पडण्याची आणखी कमी. उत्तर बरंच लहान येत होतं. फक्त त्या गाडीच्या मागच्या सीटवर थोड्या वेळानं एक मूल बसणार होतं, आणि ते उत्तरात कुठे लिहायचं ते तिला सुचेना.

सर कुलूप लावत होते. तिनं सगळं सांगितलं, आधी गाडीचं, मग घरजावयाचं. सरांनी बाईंना फोन लावला. बाई गाडी चालवताना फोन उचलत नसत. सरांनी पुन्हा लावला, मग फोन खिशात टाकून म्हणाले, "बस मागे."

सरांनी स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलला मुंगी पुढच्या गाड्यांवरून धूर दिसतो का ते बघत होती. पाळणाघराच्या फाटकापाशी बाई भेटल्या. इंजिन चालू होतं, नातू मागे पट्ट्यात अडकून बिस्किट खात होता.

"बाई, इंजिन बंद करा आणि बाळाला उतरवून घ्या," सर म्हणाले. "मग सांगतो."

बॉनेट उघडलं. बॅटरी स्वच्छ होती, पट्टी घट्ट होती, वायरी जागेवर होत्या. पाना नव्हता. सरांनी टॉर्च मारली. मुंगीनं बॅटरीखाली, चाकाच्या कमानीत, जिथे जिथे तिची बोटं जात होती तिथे तिथे चाचपलं. मग रस्त्यावर पालथी पडून खालून पाहिलं. पाना कुठेच नव्हता.

काय झालं ते बाईंना तिनं स्वतःच सांगितलं. बाईंनी नातवाला कडेवर जरा घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे पुस्तक हरवलं तर मी दंड घेते गं. पण त्यानं कुणाच्या गाडीला आग नाही लागत." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मुंगीला जास्त लागलं.

परतताना सरांनी स्कूटर एका झाडाखाली थांबवली. फळा मी औजारं मोजायला केलेला नाही, ते म्हणाले. तुमच्यातल्या एकेकाच्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यावर सोडताना ती ठीक आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे, त्यासाठी केलाय. इतके दिवस मी तो बघून कडी काढत होतो, आणि फळा खोटं सांगत होता.

"पाना तर नव्हताच सर तिथे," मुंगी म्हणाली. म्हणायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.

"नव्हता. पण कडी काढताना ते मला ठाऊक नव्हतं आणि तुलाही नव्हतं. डेपोला मी तुझ्याबद्दल शब्द देणार होतो. आता नुसता शब्द देता येणार नाही. जे झालं ते सगळं सांगेन. पुढे त्यांची मर्जी."

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते एवढंच म्हणाले, की प्रयोगशाळेत एकदा दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या तेव्हा त्यांनाही अन्न गोड लागलं नव्हतं. चिठ्ठ्या कुणी बदलल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

वर्गात मात्र मुंगीची धडगत राहिली नाही. घरजावई सरांच्या टेबलावर गेला, दहाची सावली उघडी राहिली आणि प्रत्येक तासाला पाना शोधण्यात पोरं घामाघूम झाली, तेव्हा कुठे अंधार पडताना कडी निघायची. स्वतःच आणलास आणि स्वतःच आम्हाला बुडवलंस, असं एकीनं तोंडावर सांगितलं. त्या पोरीचं तरी काय चुकलं होतं? पण मुंगी बॉनेटखाली शिरली की आता लंबूही वाकून बघायचा आणि ती बाहेर आली की विचारायचा, "हात दाखव."

पाना सापडला नाही.

मग एक दिवस डेपोच्या फोरमनबाई वर्गात आल्या. रुंद खांद्याच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. येऊन त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि उघड्या सावलीकडे बघत त्यांनी घरजावई कुणी आणला ते विचारलं. मुंगी पुढे झाली.

"तुझ्या मते पाना कुठे आहे?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"रस्त्यात पडला असेल. किंवा इथेच कुणाच्या तरी दप्तरात असेल. किंवा गाडीत आमचा हात पोचत नाही अशा जागी. यातलं एकही मला नक्की सांगता येत नाही."

"समज, आज तीच गाडी समोर आहे. ही सावली अशीच उघडी. बाई दारात उभ्या आहेत, पोर पाळणाघरात वाट बघतंय. सोडशील गाडी?"

"नाही. बसनं जा म्हणेन."

"बाई चिडतील."

"चिडू देत. वर्ग आधीच चिडलेला आहे, त्यात आणखी एक."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. फोरमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुंगीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखाद्या सुट्या भागाला तडा आहे का ते बघावं तसं.

"इंजिनाला हात लावायला मी तुला देणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर तरी नाही. औजारांच्या खिडकीत बसायचं. द्यायची आणि परत घ्यायची. सगळी परत आल्याशिवाय बस सोडायची नाही, मग समोर ड्रायव्हर असो नाहीतर माझा साहेब. माणसं रोज शिव्या घालतील. खड्ड्यात उतरायला मिळणार नाही."

मुंगीनं सरांकडे पाहिलं. सर चिंधीनं हात पुसत होते, स्वच्छच होते तरी. तिच्या डोळ्यांसमोर ते बसचं उघडं पोट आलं आणि जरा लांब सरकलं. वर्षभर.

"खिडकी कधी उघडते?" तिनं विचारलं.

"पहिली बस सुटायच्या आधी."

"येईन," मुंगी म्हणाली.