अनसिंगची उशिरा येणारी गोफण

मी एक जुना डाव आहे. मित्रांनो, मला हातात धरता येत नाही की कपाटात ठेवता येत नाही. व्हिडिओ गेमच्या मारामारीत एक लढवय्यी स्वतःभोवती गरकन फिरते आणि समोरच्याला पडद्याच्या कडेपर्यंत भिरकावते. ते भिरकावणे म्हणजे मी. दांडा खाली, मग पुढे आणि दोन्ही बटणे एकदम, एवढ्यात मी जन्मतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो. मला घडवणाऱ्यांनी काहीतरी भारदस्त परदेशी नाव दिले होते. अनसिंग गावच्या पोरांनी ते वाचलेच नाही. ज्वारीवरची पाखरे हाकलायची गोफण त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी मला गोफण म्हटले. तेच माझे खरे नाव.

अनसिंगला मी खेळाच्या एका वापरलेल्या यंत्रातून आलो. रज्जाकचाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या भिंतीशी ते उभे राहिले. दांड्याची स्प्रिंग लवकरच गेली. चाचांनी तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी ताणून बसवली. यंत्र सुरू झाले, पण खाली दाबलेला दांडा वर यायला रेंगाळू लागला. मग मलाही थांबावे लागे. लढवय्यी गुडघ्यांत वाकून तशीच राही; समोरच्याला वाटे, डाव फसला. तो धावून येई आणि नेमका तेव्हाच मी बसे. "आली बे गोफण!" असा गलका उठे, चाचाही हातातला पाना ठेवून बघत. त्या काळी जो तो हातावर रुमाल टाकून खेळे. आपला डाव दुसऱ्याला दाखवायचा नाही, असा तिथला रिवाजच होता.

पुढे मोबाइल आले. यंत्रावर जुने टायर रचले गेले. एक ज्योत्स्ना तेवढी उरली. कॉलेजातून परतताना ती टायर उतरवी आणि खेळायला उभी राही.

"कायले त्या डबड्याच्या नादी लागतं वं, पोरी?" चाचा म्हणत.

"चाचा, मोबाइलवर बोटाले काई लागतच नाई."

यंदा वाशीमला या खेळाची स्पर्धा झाली, नव्याकोऱ्या यंत्रांवर. ज्योत्स्ना अंतिम सामन्यापर्यंत गेली. चाचा दुकान बंद ठेवून सोबत आले होते. समोर रिठदचा लखन. तिने सवयीने हातावर ओढणी टाकली आणि शेवटच्या फेरीत दांडा मुद्दाम दाबून धरत, माझ्याच जोरावर त्याला लोळवले.

लखन उसळला. "चीटिंग हाय हे! इतक्या उशिरा हा डाव लागतच नाई. ओढणीखाली काई तरी लपवलं इनं!"

स्पर्धा भरवणारा अनुप वाईट माणूस नव्हता. पण त्यालाही पटेना. "ताई, हा डाव मीबी खेळत आलो. थांबलं का मोडते. फेरी पुन्हा खेळा, पण हा डाव सरळ मारा, सारे मारतात तसा. नाई तं निकाल लखनचा."

सरळ! मी वाकडा होतो कधी? खाली वाकून किती थांबावे, याची मर्यादा मला घडवणाऱ्यांनी घातलीच नव्हती. ती घाईच्या हातांनी आपणहून घालून घेतली आणि तिलाच नियम मानले. अनसिंगच्या रबराने मला धीर शिकवला. तो मी वाशीमच्या सभागृहात टाकून देणार नव्हतो. ज्योत्स्नाही देणार नव्हती.

तिने ओढणी काढून खांद्यावर टाकली. "फेरी खेळतो, दादा. पण गोफण माह्यासारखीच मारीन. इथं उभे राहा अन् हात पाहा. लखन, तूबी पाह्य."

"अवं, तुहा डाव साऱ्याइले समजंन ना!" चाचा मागून कळवळले.

"समजू द्या, चाचा. चोर तं नाई म्हणणार कोनी."

फेरी रंगली आणि शेवटाला आली. ज्योत्स्नाने दांडा दाबला. लढवय्यी वाकली. लखनला आता सारे ठाऊक होते. तो हललाच नाही. तीही हलली नाही. मी दबा धरून होतो, आणि इतका वेळ मी आयुष्यात कधी थांबलो नव्हतो. शेवटी लखनच्याच बोटांना ते सोसेना. तो झेपावला आणि मी आलो.

तिच्या हातांवर वाकून पाहणारा अनुप ताठ झाला. "हात साफ हाय. सामना ताईचा."

 लखन जवळ येऊन म्हणाला, "इतकी थांबतं कशी वं तू?"

"तू कायले धावतं?"

तो हसला आणि तिच्या जागेवर बसला. ती शेजारी उभी राहून सांगू लागली, "दाब. आता नको. आताबी नको..."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुम्ही मोडक्या यंत्रावर काही शिकला असाल, तर ते चुकीचेच असणार, असे कोणीतरी तुम्हांला ठासून सांगेल. तेव्हा आपले शिकणे जपा. हवे तर चारचौघांत उघडे करून दाखवा, पण कोणाच्या धाकाने सरळ करू नका. दांडा खाली दाबून ठेवा. धावू दे त्यांना.