सेन्सरची जागा

बाळंतपणाची रजा संपवून ती प्रयोगशाळेत परतली, तेव्हा पडद्यावरची रेघ विहिरीच्या पाण्यासारखी निवांत होती. काचा उचलणारा तो दोन मीटरचा यांत्रिक हात, पातळ नि लवचिक. फिरवून थांबवला की थरथरायचा, आणि टोकावरचा सेन्सर ती थरथर पडद्यावर रेघेत उमटवायचा. उलटे धक्के देऊन ती थरथर मारायची, हे तिचं तीन वर्षांचं काम. मोठा झोका तिने रजेआधीच आवरला होता. मागे राहिलेली बारीक थरथर मात्र भारी हट्टी.

"ही पण बसली?" तिला हसू फुटलं. "सर, जादू केलीत की!"

"बाळ सांभाळ, इथलं मी बघतो, म्हणालो होतो ना?" सर म्हणाले. तिला पहिलं सोल्डरिंग शिकवणारे, बाळाला स्वेटर घेऊन घरी आलेले सर.

हात नुकताच फिरून थांबला होता. तिने कौतुकाने त्याच्या टोकाला बोट लावलं. टोक चक्क गुणगुणत होतं. रेघ सरळच्या सरळ.

तिने सेन्सर शोधला. टोकावरून काढून तो पाऊण लांबीवर चिकटवला होता. त्या बारीक थरथरीत हाताचा तेवढाच ठिपका हलत नाही. आजूबाजूचं सगळं हलतं. तिथे चुकून कुणी सेन्सर लावत नाही.

"सर, हे काय?"

"अगं, उद्या गिऱ्हाईक येतंय. रेघ बघेल, खूश होईल. एवढ्याने कुणी मरत नाही."

"काच निसटली तर? खाली माणसं असतात."

"थरथर बसल्याचा अहवाल त्यांना गेलासुद्धा." सर चष्मा पुसत राहिले. "तुझ्या सहीने."

सामानाची मागणी अडू नये म्हणून रजेवर जाताना तिने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. सरांकडेच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"श्रेय तुलाच दिलं की, वेडे!"

तिच्या छातीत दूध दाटून आलं होतं. घरी बाळ उठलं असणार. तरी ती हलली नाही. चाकूच्या पात्याने सेन्सर सोडवून तिने टोकाला लावला, हात पुन्हा फिरवला. रेघेला करवतीचे दात फुटले. तो आलेख जोडून तिने गिऱ्हाइकाला लिहिलं: 'अहवाल खोटा आहे. माझी सही मी मागे घेते.'

"पोरी, माझं नाव जाईल गं."

"माझं तुम्ही आधीच घालवलंत, सर."

तिने पत्र पाठवलं, पिशवी उचलली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच 'येते' न म्हणता बाहेर पडली.