वन्संच्या शेजारची लेन

माझा स्वभाव चौकस आहे. घरचे त्याला भोचक म्हणतात. पार्लर चालवणाऱ्या बाईला तो लागतोच. एकीचे केस कापताना शेजारच्या खुर्चीत काय शिजतंय हे मला मान न वळवता कळतं. पण पोहण्यात याच स्वभावाने माझा घात केला. दरवर्षी आमच्या क्लबची बायकांची चारशे मीटर फ्रीस्टाइल, दरवर्षी मी चौथी, आणि परगावच्या सामन्यांना पाठवतात फक्त पहिल्या तिघींना. दोन दिवस समुद्रकाठचं हॉटेल, नवरा नाही, मुलं नाहीत, डबे नाहीत! त्यासाठी नुसते देव पाण्यात घालून भागत नव्हतं, मलाच पाण्यात उतरावं लागत होतं.

त्या तिघीही ठरलेल्या. पहिली डॉक्टरीण, दुसऱ्या माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, शाळेत पीटीच्या बाई, आणि तिसरी बँकवाली. बँकवालीला मागे टाकलं की माझं काम झालं.

"तुझं चुकतं कुठे, सांगू?" यंदा वन्संनी मला फैलावर घेतलं. "हात चांगले आहेत, पाय चांगले आहेत. पण श्वासासाठी तोंड वळवलंस की शेजारी कोण पुढे गेलं ते तुला दिसतं, आणि शेपटीवर पाय पडल्यासारखी सुटतेस. दुसऱ्या फेरीत धापा टाकतेस आणि सहावीत संपतेस."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. वन्संनी मला सरावासाठी अगदी कडेच्या लेनमध्ये घातलं. श्वास घ्यायचा तो भिंतीच्या बाजूलाच, जाताना उजवीकडे, येताना डावीकडे, म्हणजे टाइल्सखेरीज काही दिसायलाच नको. डावीकडून श्वास घ्यायला शिकता शिकता मी निम्मा तलाव प्याले.

"अगं, आधी सोड!" वन्सं काठावरून ओरडायच्या. "तोंड पाण्यात आहे तोवर सगळी हवा सोड. जुनं सामान काढल्याशिवाय नवं ठेवणार कुठे? पहिल्या दोन फेऱ्या इतक्या हळू वाटायला हव्यात की तुझी तुलाच लाज वाटेल. शर्यत असते ती मधल्या चार फेऱ्यांत. शेवटच्या दोनात उरलं असेल ते उधळ."

महिनाभरात टाइल्स बघत बघत मी झकास पोहायला लागले. पण शर्यतीत लेन चिठ्ठ्या टाकून देतात, ही साधी गोष्ट आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यात आली नाही.

चिठ्ठी निघाली तिसऱ्या लेनची. भिंत राहिली लांब. चौथी लेन वन्संना, पाचवी बँकवालीला. माझं पडलेलं तोंड बघून वन्सं म्हणाल्या, "रडतेस काय? मी आहे ना तुझी भिंत! श्वास घेताना माझ्याकडे बघ. मी सावकाशच सुरू करणार. सहा फेऱ्या खांद्याला खांदा लावून ये, मग तू मोकळी."

"आणि बँकवाली?"

"ती माझ्या पलीकडे. तिचं काय करायचंय तुला?"

तेवढ्यात बँकवाली टोपी चढवत आली आणि साखर घोळलेल्या आवाजात वन्संना म्हणाली, "ताई, या वयात चारशे मीटर म्हणजे कमालच हं तुमची!"

वन्सं हसल्या. त्यांचे कान मात्र लालबुंद झाले. माझ्या धंद्यात कानांकडे आधी लक्ष जातं.

शिट्टी झाली. पहिली फेरी अगदी ठरल्यासारखी झाली. दुसऱ्या फेरीत श्वासासाठी वळले तर वन्संच्या खांद्याऐवजी कंबर दिसली. पुढच्या श्वासाला पाय. मग नुसता फेस. बँकवाली पुढे निघाली होती आणि माझी भिंत तिच्यामागे धावत सुटली होती!

आता आली का पंचाईत! खांद्याला खांदा लावून ये, असं वन्संनीच बजावलेलं, आणि थोरल्यांचा शब्द मोडायची मला सवय नाही. चार हात जोरात मारले. लगेच छातीत ती ओळखीची घुसमट सुरू झाली. तेव्हा मी अशी एक गोष्ट केली जी पार्लरमध्ये मला एक दिवसही जमलेली नाही. मी बघणंच सोडून दिलं. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवली, दर तिसऱ्या हाताला श्वास घेतला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि तोंड वळलं की चक्क डोळे मिटून घेतले. पाण्यात हवा सोडत राहिले, अगदी शेवटच्या बुडबुड्यापर्यंत. सहावी फेरी आली, गेली, आणि मी संपले नव्हते. मला इतका आनंद झाला की पाण्यातच हसले आणि ठसका लागता लागता राहिला.

सातवीत डोळे उघडले, उधळायला सुरुवात केली. शेजारी पाय दिसले, मग कंबर, मग खांदा. वन्सं! हात जड झालेले, तोंड वासलेलं. थांबावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण हातांनी माझं ऐकलं नाही.

भिंतीला हात लावून फलकाकडे पाहिलं. डॉक्टरीण, बँकवाली, मी. वन्सं चौथ्या.

वन्सं आमच्या दोन लेनमधल्या दोरीला लटकून धापा टाकत होत्या. मी तोंड जमेल तितकं दुःखी केलं.

"नाटकं नकोत," वन्सं म्हणाल्या. "आनंद लपवायला तुला कधी जमलंय?"

"पण तुम्ही नसलात तर मला तिथे कसं करमणार?"

"मस्त करमेल. डबे मी बघते." त्यांनी मोठा श्वास घेतला. "इतकी वर्षं माझं सगळं ऐकत आलीस. आज पहिल्यांदा ऐकलं नाहीस, म्हणून जिंकलीस. काय म्हणावं तुला!"

मला एकदम रडूच कोसळलं. वन्सं दोरीखालून माझ्या लेनमध्ये आल्या आणि मला अशी घट्ट मिठी मारली की आठ फेऱ्या सांभाळलेला दम तिथे गेला.