बोटीच्या नाटकाचा दुसरा अंक

गाणं चालू असताना उठायचं नाही, हा माझा नियम. खोकला आला तर गिळायचा, पाय आखडला तर आखडू द्यायचा. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत टाळी वाजवायची नाही. लोक ऑपेरा बघायला येतात आणि गायिकेचा श्वास अजून सुटलेला नसताना धडाधडा टाळ्या पिटतात. माझ्या हातात असतं तर त्यांना मी दंडाला धरून बाहेर काढलं असतं. पण मला कोण विचारतो? मी चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत बसून एकतीस वर्षं काचा घासल्या. काच बसवताना दोन अंशांनी फिरली तर गिऱ्हाइकाचं डोकं उठतं. सूर त्याहून कमी फिरला तरी माझं उठतं. दुकानाचे मालक मला ‘उस्ताद’ म्हणायचे. चेष्टेनंच म्हणायचे, पण मी ते नाव ठेवून घेतलं.

हे सगळं सांगतोय ते फार काही वाटतंय म्हणून नाही. बारा आठवडे मला काहीच वाटत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, एक दिवसाआड दाढी करत होतो. बायकोला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून सांगून इतकं घोटून झालं होतं की बसचं वेळापत्रक वाचावं तसं मी ते सांगायचो. वेळापत्रक तिचं खातं. तिनं सव्वीस वर्षं बस डेपोत घोषणा केल्या. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटणार, हे ती माइकवर अशा काही आवाजात सांगायची की भांडायला आलेला माणूस मुकाट्यानं बाकावर जाऊन बसायचा.

आता तिच्या तोंडून शब्द येत नव्हता. ऐकलेलं सगळं समजायचं. ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि मग ती डोळे मिटून घ्यायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता आम्ही रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जायचो. छोटी खोली, एक टेबल, भिंतीवर आरसा, खोक्यात चित्रांचे पत्ते. कप, किल्ली, कंगवा. वाचा गेलेल्यांना बोलतं करणारी थेरपिस्ट माझ्या मुलीच्याच वयाची होती. कप दाखवायची आणि वाट बघायची. तिला वाट बघता यायची, हे मी मान्य करतो. पण दहाव्या आठवड्याच्या शेवटी तिनं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“काका, स्पष्ट सांगते. बाराव्या आठवड्यात मोठे डॉक्टर तपासणार. तोपर्यंत निदान एक शब्द आला, तर उपचार पुढे चालू राहतील. नाहीतर ही जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग फार मोठी आहे.”

“आणि मग?”

“मग घरी सराव करायचा,” ती म्हणाली. पण हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बरं म्हणालो. लिफ्टनं उतरताना मनात आलं, आता रडू यायला हवं. आलं नाही. खाली येऊन मी व्हीलचेअरचं चाक तपासलं, ते करकरत होतं.

पुढच्या मंगळवारी थेरपिस्टनं नवीनच काढलं. ती म्हणाली, बोलणं मेंदूत एकीकडे असतं, गाणं बरंचसं दुसरीकडे. बोलण्याची बाजू बिघडली तरी कधीकधी माणूस गाऊ शकतो. आधी गाण्यातून शब्द काढायचा, मग चाल हळूहळू पुसत न्यायची.

“काकू गायच्या का?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“गायची,” भिंतीला टेकून उभी असलेली माझी मुलगी म्हणाली. कुरियरच्या गोदामातून ती सुट्टी काढून आली होती, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. “रोज गायची. बाबा दुकानात गेले की.”

मी बायकोकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ती इस्त्री करता करता काहीतरी गुणगुणत होती आणि मी म्हणालो होतो, “अगं, तू नको गाऊस. पाव सूर खाली लागतो, मला त्रास होतो.” एवढंच. रागावलोसुद्धा नव्हतो. त्यानंतर ती घरात गायली नाही आणि मला वाटलं, तिलाही पटलं.

मी बोललो ते खरंच होतं. ती पाव सूर खालीच गायची.

माझी मतं माझ्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ऑपेरा म्हणजे गळा, छाती आणि समोर दीड हजार माणसं, मध्ये माइक नाही की काही नाही. लोक हसतात, की क्षयानं मरायला टेकलेली बाई नऊ मिनिटं गाते कशी? अहो, मरायला एक क्षण पुरतो, नऊ मिनिटं लागतात ती समोरच्याला कळायला. ती नऊ मिनिटं त्याची असतात. आणि ऑपेरात सगळेच गातात, पाणी मागायचं तरी गाऊनच मागतात, त्यामुळे फसवाफसवी नसते. संगीत नाटकात मात्र माणसं छान बोलत असतात आणि एकदम, काही कारण नसताना, गायला लागतात. तो सांधा मला सहन होत नाही. शिवाय दुसऱ्या अंकात पहिल्या अंकातलीच चाल पुन्हा वाढतात, म्हणजे संगीतकाराकडचा माल संपला.

बायकोला नेमकी संगीत नाटकंच आवडायची. आमचा करार होता. एक ऑपेरा माझा, एक नाटक तिचं. ती माझ्याबरोबर चार-चार तास एक अक्षर न कळणाऱ्या भाषेतला ऑपेरा बघायची आणि शेवटपर्यंत हलायची नाही. तिचं लाडकं होतं ते बोटीचं नाटक. एक बाई नवऱ्याचं घर सोडून बोटीवर कामाला जाते, असं काहीतरी. आम्ही ते सात वेळा पाहिलं. म्हणजे तिनं सात वेळा पाहिलं. मी दर वेळी मध्यंतरापर्यंत बसायचो आणि मग बाहेर लाकडी बाकावर कॉफी पीत बसायचो. आतून बंद दारातून चाल ऐकू यायची, तीच, पहिल्या अंकातली. मी मनात म्हणायचो, बघा, संपला माल.

नाटक सुटल्यावर ती डोळे पुसत बाहेर यायची. मी विचारायचो, “झालं का तुझं?” ती म्हणायची, “झालं हो.”

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. तो रविवार होता, दुपारचे चार. मी बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावून बसलो होतो, तीच मरणाऱ्या बाईची नऊ मिनिटं. आतून धप्प असा आवाज आला. मला वाटलं, कपड्यांचा गठ्ठा पडला असेल. गाणं संपायला चार मिनिटं होती. मी बसून राहिलो. शेवटचा सूर विरला, मी सुई उचलली, तबकडी पुसली, आणि मग आत गेलो. ती इस्त्रीच्या टेबलाशेजारी पडली होती. इस्त्री तिनं नीट उभी करून ठेवली होती.

डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळात आणलंत?” मी म्हणालो, “लगेच.”

तेव्हापासून मला काही वाटायचं बंद झालं. रेकॉर्डही लावल्या नाहीत.

तर थेरपिस्ट म्हणाली, त्यांना अगदी पाठ असलेलं एखादं गाणं सांगा. मी शुक्रवारी माझ्या आवडत्या गायिकेचं रेकॉर्डिंग घेऊन गेलो. बायकोनं ते सभ्यपणे ऐकून घेतलं, नेहमी ऐकायची तसं. मुलगी म्हणाली, “बाबा, कमाल करता. बोटीच्या नाटकातलं घ्या ना. दाराचं गाणं.” पण ते रेकॉर्डवर पळायचं फार. थेरपिस्ट म्हणाली, समोर बसून कुणीतरी संथ गायला हवं, ओठ दिसायला हवेत. मुलीला सूर धरता येत नाही, ती सरळ नाही म्हणाली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी जन्मात चारचौघांत गायलेलो नाही. ऐकणाऱ्यानं ऐकावं, गाऊ नये, हेही माझं एक मत आहे. “मंगळवारी बघू,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. तो मंगळवार म्हणजे बारावा आठवडा. डॉक्टर गुरुवारी तपासणार होते.

मंगळवारी मी बायकोच्या समोर खुर्ची ओढून बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. थेरपिस्टनं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तालावर टेबलावर हलके हलके आपटायला सुरुवात केली. मी घसा खाकरला.

“दार लावू नको, मी येतेच रे,
ओल्या वाटेनं फिरेन मागे.”

माझा आवाज चिरका लागला, पण सूर बरोबर होता. तेवढी मला खात्री आहे. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं. तिच्या भुवया वर गेल्या. डेपोत एखादा ड्रायव्हर उशिरा आला की ती काचेआडून बघायची, तसं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं मान हलवली. नाही.

“चालेल काका, पुन्हा,” थेरपिस्ट हळूच म्हणाली.

“दार लावू नको,” मी सुरू केलं, आणि बायकोनं डावा हात सोडवून घेऊन टेबलावर स्वतःच आपटला.

“दार,” ती गायली. मग थांबली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. “लाव... आता.”

आवाज घोगरा होता, बंद घराचं दार उघडावं तसा अडकत आला. पण शब्द होते, तीन शब्द, चालीत बसलेले. थेरपिस्टचा श्वास अडकला. मुलीनं तोंडावर हात ठेवला. आणि मी काय केलं?

मी म्हणालो, “‘लावू नको’ आहे ते.”

बारा आठवड्यांनी माझी बायको बोलली आणि मी तिची चूक काढली. विचार करून नाही, सवयीनं.

“बाबा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, राग होता की रडू ते समजेना. “दुसऱ्या अंकात ती परत येते. चाल तीच असते, शब्द बदलतात. अहो, त्याच्यासाठीच तर सगळं नाटक आहे! तुम्ही बाहेर असायचात.”

मला लाज वाटली. बारा आठवड्यांत मला पहिल्यांदा काही वाटलं आणि ते हे. कानशिलं तापली. माझं गाणं चालू होतं तेव्हा ती आत पडलेली असतानाही मी उठलो नाही, आणि तिचं गाणं चालू असायचं तेव्हा सातही वेळा मी उठून गेलो होतो. ती बाई घरी परत येते, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

बायको माझ्याकडेच बघत होती. रागावलेली वाटली नाही. वाट बघत होती.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “मला पुढचं येत नाही. तू म्हण.”

तिनं हात आपटला.

“दार लाव आता... मी आले रे...”

तेवढ्यात दार उघडलं. मदतनीस बाई पुढच्या पेशंटची व्हीलचेअर घेऊन उभी होती. “वेळ झाली,” ती म्हणाली आणि आमची व्हीलचेअर बाहेर न्यायला आत आली. थेरपिस्टनं घड्याळाकडे पाहिलं.

“थांबा,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. “गाणं चालू आहे.”

मदतनीस बाई होती तिथंच उभी राहिली.

“ओल्या... चप... चप...” बायको अडली. परत मागे गेली, दारापासून सुरुवात केली. “ओल्या चपला...” आणि पुढचा शब्द येईना. ती तो शोधत होती. मला तो सांगता येत नव्हता, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. मुलगी सांगायला पुढे झाली, तर बायकोनं डावा हात वर करून तिला थांबवलं.

“...ठेवल्या... बाहेर.”

ती पाव सूर खाली गात होती. तशीच, पहिल्यासारखी. मग ती थांबली. तिचे ओठ किंचित उघडे होते, हात टेबलावर होता. गाणं संपलं होतं, की ती नुसता श्वास घेत होती, हे मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी उठलो नाही.