कॅनच्या कडीतली चेन

मी गळ्यातली चेन बोलतेय. सोन्याची नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण चकाकायचे अशी, की सराफानेही वळून पाहावं.

बुधवार पेठेतल्या दुकानातून साईने मला हौसेने आणलं. तो खराडीच्या आयटी कंपनीत कामाला, आणि उरलेल्या वेळात रॅप लिहायचा. मोबाइलवर तो जे व्हिडिओ पाहायचा, त्यातल्या प्रत्येक रॅपरच्या गळ्यात जाडजूड चेन! आठवडाभर साईच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असे, आणि मी खुंटीवर जळत बसे. रविवार मात्र माझा.

मग त्याच्या पहिल्या व्हिडिओचा दिवस उजाडला. मी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होते. गाणं होतं विश्रांतवाडीतल्या त्याच्या गल्लीवर, तिथल्या पाण्यावर.

कॅमेरा होता रुपालीकडे. ही त्याची ऑफिसातली मैत्रीण, पेठेतली. मला पाहताच म्हणाली, "टँकरचं गाणं ना? मग वरातीला निघाल्यासारखा का आलायस?"

"अगं, रॅपरचा लूक आहे हा!"

"लूक छानच आहे. पाणी नाही, असं कुठूनही वाटत नाही."

झालं, मी खिशात.

रुपालीला टँकरच्या रांगेतल्या बायका कॅमेऱ्यासमोर हव्या होत्या. साईची आई, सुशीलाबाई, मूळच्या यवतमाळच्या. त्या जागच्या हलेनात. "नंबर गेला तं? माहा कॅन कोन पाहीन?"

साईने मला खिशातून काढलं, कॅनच्या कडीत ओवलं आणि रांगेशेजारच्याच बंद पडलेल्या सार्वजनिक नळाला बांधून टाकलं. कॅनला! निळा, पोचे पडलेला, झाकण हरवलेला.

सुशीलाबाई मोकळ्या झाल्या, बाकीच्या बायकांबरोबर साईमागे ठेक्यात उभ्या राहिल्या. रुपालीने कॅमेरा फिरवला तो नेमका आमच्यावर. कोरडा नळ, रिकामा कॅन आणि सोनेरी मी. "साई, हेच दाखवायचं होतं आपल्याला!"

व्हिडिओ गाजला. लोक म्हणाले, "काय तो कॅन! डोळ्यांत पाणी आलं." माझं नाव कुणी घेईल तर शपथ.

साई मला सोडवायला गेला, तर सुशीलाबाई म्हणाल्या, "काहून सोडतं रे? राहू दे. कॅन उचलून नेते लोक."

राहिले. मुलामा उडाला, काळी पडले. हा कॅन भरला की सुशीलाबाई त्याला लेकरासारखं कडेवर घेतात, मी कडीला लोंबकळते. नुसता जळफळाट होतो माझा.

तुमच्या घरी नळाला पाणी येतं ना? मग आमच्या नळाचंही जरा कुणाच्या कानावर घाला. त्याला पाणी आलं, की हा कॅन जाईल माळ्यावर. आणि मी साईच्या गळ्यात.