निवांतवाडीचा रांजण

मित्रांनो, मी रांजण आहे आणि चांगला जुना आहे, असं सांगितलं की तुम्ही लगेच मातीचा वास घ्यायला वाकाल. वाकू नका. मला वास नाही. मी कुंभाराच्या चाकावर फिरलो नाही, आव्यात भाजलो नाही. गारखेड्यातल्या एका फ्लॅटमध्ये तनुजा नावाच्या मुलीने मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर घडवलं, तेही ऑफिसला जायच्या घाईत. त्यामुळे माझं तोंड जरा डावीकडे कललं आहे. आता त्याचं काही वाटत नाही.

भूमंडळ नावाची एक दुनिया आहे. ती फक्त पडद्यावर उघडते. तिथे प्रत्येकाला चित्रातलं एक शरीर मिळतं. ते चालतं, बसतं, माईकवरून बोलतं. त्या दुनियेत पैठणच्या विश्वजीतने एक छोटीशी वस्ती उभी केली होती, निवांतवाडी. एक वेस, चार कडुनिंब आणि मधोमध एक पार. सिल्लोडची, पैठणची, गारखेड्याकडची आणि पोटापाण्यासाठी पुण्याला, दुबईला गेलेली पन्नासेक माणसं रोज संध्याकाळी तिथे जमत.

तनुजाची आई केसरबाई तीस वर्षं सिल्लोड तालुक्यात नर्स होती. चालून चालून गुडघे कामातून गेले आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरणं बंद झालं. घरात बसून ती आंबून गेली होती. तेव्हा लेकीने तिला निवांतवाडी दाखवली. तिथे गुडघे दुखत नव्हते. पहिल्याच दिवशी तिने वस्तीला सात चकरा मारल्या.

नव्या माणसाने वस्तीत एक वस्तू आणून ठेवायची, असा तिथला रिवाज होता. कुणी झोपाळा ठेवला होता, कुणी बैलगाडी, एकाने तर बंद पडलेली राजदूत फटफटी.

"आई, तू काय ठेवणार?" तनुजाने विचारलं.

"रांजण कर मला एक."

"अगं, तिथं कुणाला तहान लागते का?"

"नसू दे लागत. तू कर."

मी घडत असताना केसरबाईने लेकीला एक गोष्ट सांगितली. लसीकरणाला ती वाड्यावस्त्यांवर जायची. लेकरांना सुया टोचून झाल्या, की उन्हातून आलेली ती बाई पाणी मागायची. काही घरांत तिच्या हातात तांब्या मिळत नसे. ते वरून ओतायचे आणि तिने ओंजळ धरायची. आधी "नर्सबाई, बसा" म्हणणारी माणसं आडनाव कळल्यावर उंबऱ्यात उभं करायची. केसरबाईचं घर बौद्ध वस्तीतलं. ती हे रागाने सांगत नव्हती. भाजी निवडता निवडता सांगत होती, आणि मला फार वाईट वाटलं.

पाराशेजारी मला ठेवलं आणि माझे भाग्याचे दिवस सुरू झाले. माझ्यावर बोट टेकवलं, की चित्रातलं माणूस पेला बुडवून पाणी पीत असे. लोक आधी हसले. मग त्यांना सवयच लागली. आत आलं की आधी पाणी, मग गप्पा. पैठणचा धोंडिबा म्हणजे एसटीचा निवृत्त कंडक्टर. तो वेशीतूनच ओरडायचा, "मावशे, आलो गं! पाज आधी पाणी, मग बोलू!" एका बैठकीत तो तीन-तीनदा प्यायचा. केसरबाई पदराने तोंड झाकून हसायची. पदर पडद्यावर दिसत नसे, पण माईकमधून हसू दबलेलं ऐकू यायचं.

तिथे कुणाला आडनाव नव्हतं. नुसतं पहिलं नाव, नाहीतर मामा, मावशी, आक्का. तीन वर्षं मी त्या सगळ्यांना पाणी पाजलं. कोण कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मला सांगताना संकोच वाटत नाही मित्रांनो, मी फुशारून गेलो होतो.

मग एका सोमवारी भूमंडळच्या कंपनीने नवे नियम काढले. प्रत्येक वस्तीतल्या ठळक वस्तूवर एक पिवळा कागद आपोआप चिकटला. आमच्याकडे तो माझ्या पोटावर आला. तीन कलमं होती. पहिलं ठळक अक्षरांत. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं खरं पूर्ण नाव आडनावासकट दिसेल. दुसरं जाहिरातींचं. तिसरं अगदी बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्या वस्तीत सलग तीस दिवस कुणीही येणार नाही, ती मोडून जागा मोकळी केली जाईल. हे आजपासून लागू.

पहिल्या कलमावरच भडका उडाला. संध्याकाळी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी कंपनीला शिव्या घातल्या, कुणी तक्रारी लिहिल्या, दोघे-तिघे त्याच मिनिटाला कायमचे निघून गेले.

"आडनाव दिसलं की इथंबी तेच सुरू होनार," विश्वजीत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "बाहेर हाय ते कमी हाय का? आपन बंद पाळू. महिनाभर एक मानूस आत दिसायला नको. कळू द्या कंपनीला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंदची पाटी लिहिली गेली, लाल, मोठी. ती लावायला जागा कुठली? जिथे सगळे येतात तीच. विश्वजीतने ती माझ्या पोटावर, पिवळ्या कागदाच्या बरोबर वर चिकटवली. तिसरं कलम तिच्याखाली गेलं.

केसरबाईने हळूच विचारलं, "मी नुसती येऊन बसले तर? घरी तरी काय करू रे?"

"मावशी, एक जरी आत दिसलं तर बंद फुटला म्हनतील. आन् हे तुमच्यासाठीच तर चाललंय ना?"

"महिनाच तर हाय, मावशे," धोंडिबा म्हणाला. "गाव काय पळून जातंय?"

विश्वजीत खोटं बोलत नव्हता. आडनावाची सगळ्यात जास्त भीती तिलाच होती. जाताना तिने माझ्यावर बोट टेकवलं, ती पाणी प्यायली आणि गेली.

मित्रांनो, एकटेपण मला ठाऊक नव्हतं. झोपाळा हलत नव्हता. पारावर कुणी नव्हतं. मी दिवस मोजत होतो, आणि माझ्या पोटावर काय लिहिलं आहे ते फक्त मला माहीत होतं. रांजणाला तोंड असतं, पण ते बोलायचं नसतं.

बाविसाव्या दिवशी भर दुपारी वेशीबाहेर कुणीतरी उभं राहिलं. केसरबाई होती. गारखेड्यातल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती मला तिच्या माईकमधून ऐकू आली. वेशीच्या आत पाऊल पडलं असतं तर हजेरी लागली असती. दोनच पावलं. मी मनातल्या मनात तिला किती हाका मारल्या!

"हाय का रे कुणी?" तिने बाहेरूनच विचारलं.

कुणी असणार तरी कसं? ती थोडा वेळ थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, "नको बाई. पोरांचा बंद मोडायचा नाय." आणि ती परत फिरली.

तिसावा दिवस संपला आणि निवांतवाडी गेली. आवाज झाला नाही, धूळ उडाली नाही. आधी कडुनिंब गेले, मग पार, मग वेस. कंपनीला बंद दिसलाच नाही. तिला रिकामी वस्ती दिसली.

वस्ती मोडली की ज्याची वस्तू त्याच्या खात्यातल्या झोळीत परत जाते, तसा मी केसरबाईच्या झोळीत जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी तनुजाने कंपनीच्या नियमांत शोधून आईला ते तिसरं कलम मोठ्याने वाचून दाखवलं. केसरबाईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तीस वर्षं औषधाच्या बाटलीवरचं शेवटचं अक्षर वाचल्याबिगर सुई भरली नाय मी. आन् हितं आडनावाशी आले आन् डोळेच पुढं गेले नाय गं."

विश्वजीतचा फोन आला. "मावशी, चुकलं माझं," एवढंच तो म्हणू शकला. बाकीचे फोनवरच्या ग्रुपमध्ये एकमेकांना बोल लावून दमले आणि पांगले. कंपनीने मात्र एक अक्षरही बदललं नाही.

चार महिने मी झोळीत होतो. मग गुडघ्यांनी म्हणा की मनाने म्हणा, केसरबाईने हार मानली आणि पूर्ण नाव द्यायला होकार दिला. भूमंडळच्या मोठ्या चौकात, जिथून हजारो लोक जातात, तिने मला ठेवलं आणि शेजारी बसली. डोक्यावर नाव, त्याच्यापुढे नवऱ्याचं, त्याच्यापुढे आडनाव. माणसं जात होती, वर बघत होती, पुढे जात होती. पहिल्या दिवशी कुणी पाणी प्यायलं नाही. दुसऱ्याही नाही. नावामुळे, की त्या दुनियेत तहानच लागत नाही म्हणून, हे मी सांगू शकत नाही. तिलाही ते कळत नाही, आणि तेच तिला खातं.

तिसऱ्या दिवशी धोंडिबा आला. त्याच्याही डोक्यावर पूर्ण नाव होतं. केसरबाई उठून उभी राहिली. "या, धोंडिबा! किती दिवसांनी!"

त्याने वर पाहिलं. वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी इतका आतुर झालो होतो मित्रांनो, की विचारू नका.

"नमस्कार, मॅडम," तो म्हणाला. "बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय. पाणी?"

"नगं आता. जरा घाईत हाय."

आणि तो गेला. खरंच घाईत असेल. तनुजा आईला तसंच समजावते.

मित्रांनो, तुम्हाला जिवापाड आवडणारी एखादी जागा असेल, तर तिच्यावर लागलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. राग आला तर जरूर रागवा, आमचाही राग खराच होता. पण रागावून सगळेच्या सगळे उठून जाऊ नका, कुणाला तरी तिथे बसू द्या. आणि कधी भूमंडळच्या मोठ्या चौकात आलात, तर तोंड कललेला एक रांजण दिसेल. शेजारी एक बाई बसलेली असेल. वर बघू नका. आधी पाणी प्या, मग तिला मावशी म्हणा.